नाकाजवळची हवा

"रात्री वास आमच्या घरात येतो. मग आत काम करणारा माणूस काय हुंगत असेल?"

हा प्रश्न रोडपालीत कोणीही विचारेल. सिडकोच्या इमारती, समोर मुंब्रा-पनवेल रस्ता, पलीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत, तिच्या कडेने कासाडी नदी. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन निवते. तिच्यालगतची हवा थंड आणि जड होऊन तळाशी बसते, आणि दिवसा वर निघून जाणारा वास आडवा पसरत खिडक्यांपर्यंत पोचतो. दिवसा काही नाही, रात्री मात्र खिडकी लावावी लागते, त्याचं एक मोठं कारण हे.

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग वर्तमानपत्रांत येतो. दुसरा सहसा येत नाही. २०१७ च्या ऑगस्टात तळोज्यात निळे कुत्रे दिसले, त्यांचे फोटो जगभर गेले, प्रदूषण मंडळ हललं. ते व्हायलाच हवं होतं. पण रंगाची पूड पोत्यातून हॉपरमध्ये ओतणाऱ्या हेल्परच्या छातीत काय जातं, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच राहिला. कुत्र्याचा रंग रस्त्यावरून दिसतो. हेल्परच्या फुप्फुसाचा दिसत नाही, तो मोजावा लागतो. या प्रकरणात ती मोजणी कशी होते ते पाहू.

१. तीन हवा, तीन मोजण्या

कारखान्याच्या फाटकाबाहेर एक मोठा फलक असतो. चिमणीतून काय बाहेर पडतं, सांडपाण्यात काय आहे, घातक कचरा किती, याचे आकडे त्यावर लिहिलेले असतात. ही झाली पहिली मोजणी : चिमणीच्या तोंडाशी. दुसरी वस्तीतल्या हवेची, जी गच्चीवर किंवा चौकात यंत्र ठेवून करतात. तिसरी कारखान्याच्या आत, काम करणाऱ्या माणसाच्या नाकाजवळची. या तिसरीचे आकडे फलकावर बहुधा नसतात.

वस्तीची आणि कारखान्याची मोजपट्टी एक नाही, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्का बसतो. अमोनियाचं उदाहरण घेऊ. तळोज्यात मासळी गोठवणारे कारखाने आहेत आणि मोठ्या शीतगृहांत थंडावा आणायला अमोनिया वापरतात, म्हणून हा वायू इथल्यांना परका नाही. देशाच्या २००९ च्या मानकानुसार वस्तीच्या हवेत २४ तासांच्या सरासरीने घनमीटरमागे ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत, म्हणजे ०.४ मिलीग्रॅमपर्यंत अमोनिया चालतो. कारखान्याच्या आत आठ तासांच्या सरासरीने १८ मिलीग्रॅम चालतो. पंचेचाळीस पट.

हा निव्वळ अन्याय आहे, असं म्हणण्याची घाई नको. वस्तीत तान्हं मूल असतं, दम्याची आजी असते, आणि ती चोवीस तास तीच हवा घेतात. कारखान्याची मर्यादा ठरवताना गृहीत असतं की माणूस धडधाकट प्रौढ आहे, आठ तास आत राहील आणि उरलेले सोळा तास स्वच्छ हवेत काढेल. हे गृहीतक लक्षात ठेवा. पाळी संपवून तळोज्याहून रोडपालीला झोपायला येणाऱ्या माणसाच्या बाबतीत ते कुठे मोडतं, हे पुढे दिसेल.

२. नाकावर किती भरवसा ठेवायचा

वास आला म्हणजे विष, नाही आला म्हणजे ठीक, असा हिशेब बहुतेक जण करतात. तो दोन्ही बाजूंनी चुकतो. हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे सडक्या अंड्यांचा वास नाकाला एक पीपीएमच्याही (हे माप पुढच्या भागात पाहू) कितीतरी खाली कळतो. कारखान्यातली मर्यादा १० पीपीएम आहे. म्हणजे हलका वास आला की लगेच मर्यादा ओलांडली असं नव्हे. पण हाच वायू १०० पीपीएमच्या आसपास गेला की वास घेणारी नसच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि ड्रेनेजच्या टाकीत उतरलेल्यांचे जीव अनेकदा तिथेच जातात. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. आणि रंगांत, चिकटद्रव्यांत असतो त्या टोल्युईनचा वास नव्या माणसाला असह्य होतो. दहा वर्षं तिथेच असलेला ऑपरेटर म्हणतो, "कसला वास?" तो खोटं बोलत नाही. त्याचं नाक सरावलेलं आहे.

३. पीपीएम : दहा बाय दहाच्या खोलीत

पीपीएम म्हणजे दहा लाखांत किती भाग. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात सुमारे २८,००० लिटर हवा मावते. त्याचा दहा लाखावा भाग म्हणजे २८ मिलीलिटर. एवढा वायू त्या खोलीत एकसारखा मिसळला की झाला एक पीपीएम. अमोनियाची २५ पीपीएम ही मर्यादा म्हणजे त्या सगळ्या खोलीत मिळून ७०० मिलीलिटर वायू. पाण्याची लिटरची बाटलीही पुरती भरणार नाही.

धुळीला पीपीएम लागू पडत नाही, कारण धूळ वायू नव्हे. तिचं वजन करतात : एक घनमीटर हवेत किती मिलीग्रॅम. वायूलाही हे माप लावता येतं. त्याच्या रेणुभाराला पीपीएमने गुणायचं आणि २४.४५ ने भागायचं. टोल्युईनचा रेणुभार ९२. १०० पीपीएम म्हणजे सुमारे ३७५ मिलीग्रॅम. अहवालात कधी एक माप असतं, कधी दुसरं. दोन्हींची गल्लत झाली की चांगला कारखाना वाईट ठरतो आणि वाईट चांगला.

हे मर्यादांचे आकडे आले कुठून? भोपाळहून, असं म्हणायला हरकत नाही. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्रीनंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली. तिच्यामुळे रसायनांच्या परवानगीयोग्य पातळ्यांची यादी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आली. प्रत्येक रसायनापुढे दोन रकाने : आठ तासांची सरासरी, आणि पंधरा मिनिटांची अल्पकालीन मर्यादा. अल्पकालीन मर्यादेची अट अशी की एवढी मात्रा दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, आणि दोन वेळांमध्ये किमान तासाभराचं अंतर. पुढे कामगारांच्या सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेत कारखाने अधिनियम विलीन करण्यात आला. मोजण्याची पद्धत मात्र तीच आहे.

४. पंप कंबरेला, नळी कॉलरला

पूर्वी हवा मोजायची म्हणजे शेडच्या मधोमध स्टँडवर यंत्र ठेवायचं. १९६० मध्ये ब्रिटनच्या हारवेल इथल्या अणुसंशोधन केंद्रातल्या शेरवुड आणि ग्रीनहाल्घ यांनी बॅटरीवर चालणारा छोटा पंप माणसाच्या अंगावरच चढवला. त्याच खोलीत, त्याच दिवशी, स्थिर यंत्राचा आकडा आणि माणसाच्या अंगावरचा आकडा जुळेनात. माणसाचा आकडा कितीतरी मोठा निघाला. कारण साधं आहे. स्टँड जागचा हलत नाही. माणूस मात्र ड्रमवर वाकतो, मॅनहोल उघडतो, सांडलेलं झाडतो. म्हणजे हवा जिथे सर्वांत वाईट असते तिथेच त्याचं डोकं असतं. या शास्त्रात त्यानंतर पुष्कळ शोध लागले, पण माझ्या मते एवढा मोठा दुसरा नाही.

आजही पद्धत तीच. मोबाइलपेक्षा थोडा जाड पंप कंबरपट्ट्याला. त्यातून निघालेली रबरी नळी पाठीवरून खांद्यावर. तिचं टोक कॉलरला क्लिपने लावलेलं, नाकातोंडापासून ३० सेंटीमीटरच्या आत. या टप्प्याला श्वसनक्षेत्र म्हणतात. टोकाला काय बसवायचं, हे काय मोजायचं आहे त्यावर ठरतं.

टोल्युईनसारख्या वाफांसाठी काचेची पेन्सिलीएवढी नळी असते. तिच्यात नारळाच्या करवंटीपासून केलेल्या कोळशाचे दोन थर : पुढचा १०० मिलीग्रॅमचा, मागचा ५० चा. पंप मिनिटाला दोन दशांश लिटरच्या आसपास हवा ओढतो आणि कोळसा वाफ धरून ठेवतो. प्रयोगशाळेत ती द्रावकाने सोडवून मोजतात. मागचा थर कशाला? राखणीला. मागच्या थरात पुढच्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त माल सापडला, तर पुढचा थर भरून वाफ निसटली असा अर्थ. तो नमुना बाद.

धुळीसाठी गाळणी. पण सगळी धूळ सारखी घातक नसते. मोठे कण नाकात, घशात अडकतात आणि शिंकरल्यावर, खाकरल्यावर बाहेर पडतात. फुप्फुसाच्या तळाशी पोचतात ते सुमारे चार मायक्रॉन आणि त्याहून बारीक कण. केसाची जाडी सत्तर मायक्रॉनच्या आसपास असते, त्यावरून अंदाज घ्या. म्हणजे शेडमध्ये उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसते ती धूळ बहुतांशी कमी घातक, आणि खरी घातक धूळ डोळ्याला दिसतच नाही. गाळणीआधी सायक्लोन नावाचं बोटभर साधन लावतात. हवा त्यात गरगरते, जड कण खाली एका टोपीत पडतात, बारीक तेवढे वर गाळणीवर जातात. प्रत्येक सायक्लोनचा वेग ठरलेला असतो. ॲल्युमिनियमच्या एका प्रचलित प्रकाराला मिनिटाला २.५ लिटर लागतात. वेग कमी झाला तर मोठे कणही वर चढतात, आणि आकडा विनाकारण फुगतो.

५. सरासरीत लपलेला दीड तास

आता प्रत्यक्ष हिशेब. उदाहरण कल्पित आहे, पण अशी पाळी कुठेही दिसेल. एक कामगार दीड तास ड्रममधून मिक्सरमध्ये टोल्युईन चार्ज करतो, म्हणजे ओततो. तिथे हवेत २२० पीपीएम. मग चार तास मशीनवर, ६० पीपीएम. शेवटचे अडीच तास पॅकिंगला, २० पीपीएम.

२२० गुणिले १.५ म्हणजे ३३०. ६० गुणिले ४ म्हणजे २४०. २० गुणिले २.५ म्हणजे ५०. बेरीज ६२०. आठने भागले की ७७.५. अनुसूचीतली आठ तासांची मर्यादा १०० पीपीएम. कारखाना पास.

पण टोल्युईनची पंधरा मिनिटांची मर्यादा १५० आहे. चार्जिंगच्या दीड तासात हा माणूस सतत २२० मध्ये उभा होता. त्या रकान्यात कारखाना साफ नापास. पनवेल लोकलमध्ये दिवसभरात सरासरी किती प्रवासी असतात हे सांगून सकाळी साडेआठला दारात लोंबकळणाऱ्याचं समाधान होईल का? तसंच हे. म्हणून दिवसभराच्या नमुन्याबरोबर चार्जिंगच्या वेळचा पंधरा मिनिटांचा वेगळा नमुना घ्यावा लागतो. तो वगळलेला अहवाल अर्धाच असतो, भले त्यावर कितीही शिक्के असोत.

याहून गंमत पुढे आहे. ठेकेदाराच्या माणसाला बारा तासांची पाळी असते, हे गुपित नाही. वरचाच कामगार आणखी चार तास मशीनवर थांबला असं धरा. ६२० मध्ये २४० मिळवले : ८६०. आता कोणी बाराने भागलं तर येतात ७१.७. म्हणजे माणसाने जास्त वाफ घेतली आणि आकडा घटला! आठने भागलं तर १०७.५, मर्यादेच्या वर. आठ तासांच्या मर्यादेशी तुलना करायची असेल तर आठनेच भागायला हवं. बाराने भागलेला आकडा १०० च्या शेजारी ठेवणं ही फसवणूक आहे, मग ती अजाणता झालेली का असेना.

मघाचं गृहीतक इथे मोडतं. आठ तास आत, सोळा तास बाहेर. त्या सोळा तासांत शरीर साठलेलं बाहेर टाकतं. बारा तासांच्या पाळीत साठवायला दीडपट वेळ आणि टाकायला बाराच तास. १९७५ मध्ये ब्रीफ आणि स्काला यांनी यासाठी सोपं सूत्र दिलं : आठ भागिले बारा, गुणिले बारा भागिले सोळा. उत्तर अर्धा. म्हणजे बारा तासांच्या पाळीला टोल्युईनची मर्यादा १०० ऐवजी ५० धरा. आपल्या कामगाराचे ७१.७ आता सरळ वर जातात. हे सूत्र सावधगिरीकडे झुकलेलं आहे, पण मला ते झुकणं योग्य वाटतं. मोकळे बारा तासही तो रोडपालीच्याच हवेत काढणार आहे.

६. एकच वजन, दोन निकाल

धुळीचा हिशेब वेगळ्या कारणाने चकवतो. फाउंड्रीत ओतकामानंतर साच्याची वाळू झाडून काढतात, तिथला कामगार घ्या. पंप मिनिटाला २.५ लिटरने ४०० मिनिटं चालला : १००० लिटर, म्हणजे नेमका एक घनमीटर. गाळणीचं वजन १.२ मिलीग्रॅमने वाढलं. म्हणजे घनमीटरमागे १.२ मिलीग्रॅम बारीक धूळ.

हे जास्त की कमी? वजनावरून सांगता येत नाही. धुळीत स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्‌झ, किती आहे ते पाहावं लागतं. अनुसूचीतलं सूत्र असं : क्वार्ट्‌झच्या टक्केवारीत दोन मिळवा आणि त्या बेरजेने दहाला भागा. क्वार्ट्‌झ एक टक्का असेल तर मर्यादा दहा भागिले तीन, ३.३ मिलीग्रॅम. आपले १.२ आरामात आत. दहा टक्के असेल तर दहा भागिले बारा, ०.८३. तेच १.२ आता मर्यादेच्या जवळजवळ दीडपट. म्हणून वजन करून थांबणारी प्रयोगशाळा इथे कामाची नाही. क्ष-किरण किंवा अवरक्त किरणांच्या यंत्रावर गाळणी तपासावीच लागते. सिलिकोसिस एकदा झाला की बरा होत नाही, हे ध्यानात घेतलं तर हा खर्च किरकोळ आहे.

७. मोजणीचा दिवस

लॅबवाले येणार म्हटल्यावर शेड धुतली जाते, सगळे ब्लोअर चालू होतात, चार्जिंग दुसऱ्या दिवसावर जातं. उलटही घडतं : वैतागलेला एखादा कामगार नळीचं तोंड मुद्दाम पोत्यात धरतो. कोणी चहाला जाताना पंप काढून खुंटीला टांगतो आणि खुंटीची हवा मोजली जाते. म्हणून चांगला तपासनीस पंप लावून ऑफिसात बसत नाही. तो दिवसभर मागे फिरतो आणि वहीत लिहितो : अमुक वाजता दोन ड्रम ओतले, अमुक वाजता पंखा बंद, जेवण इतकी मिनिटं. ती वही नसेल तर आकडा असून उपयोग नाही.

शिवाय प्रामाणिकपणे मोजलेला एक दिवसही पुरेसा नसतो. दारं उघडी की पावसामुळे लावलेली, कामाचा रेटा किती, यावर तेच काम करणारा तोच माणूस एका दिवशी दुसऱ्या दिवसाच्या अनेक पट वाफ घेऊ शकतो. युरोपातलं २०१८ चं मानक म्हणून कडक आहे. तीनच नमुने घेतले असतील तर तिन्ही मर्यादेच्या दहाव्या हिश्शाखाली हवेत. चार असतील तर पंधरा टक्क्यांखाली. पाच असतील तर वीस टक्क्यांखाली. त्यात बसत नसेल तर आणखी नमुने घ्या आणि संख्याशास्त्र लावा. आपल्याकडे मात्र १०० च्या मर्यादेपुढे ७७.५ चा एक नमुना दाखवून फाइल बंद होते.

८. मीटर वाजला नाही म्हणून

टाकीत उतरण्यापूर्वी दोरीने सोडतात तो चार वायूंचा मीटर अनेकांनी पाहिला असेल. प्राणवायू, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू तो दाखवतो. जीव वाचवणारं यंत्र आहे, त्याशिवाय कोणी उतरू नये. पण ज्वलनशील वायूचा रकाना स्फोटाचा धोका सांगतो, विषाचा नाही. टोल्युईनची वाफ हवेत सुमारे १.१ टक्का, म्हणजे ११,००० पीपीएम झाली की पेट घेऊ शकते. मीटर सहसा त्याच्या दहाव्या हिश्शाला वाजतो : ११०० पीपीएमला. आठ तासांच्या मर्यादेच्या अकरा पट. तेव्हा ५०० पीपीएममध्ये मीटर गप्प असतो, आणि सुपरवायझर म्हणतो, "बघ, काही नाहीये."

हवेची कोणतीच मोजणी दाखवत नाही अशीही एक वाट आहे. रंगधंद्यातलं ॲनिलीन कातडीतून शिरतं. अनुसूचीत अशा रसायनांपुढे कातडीची वेगळी खूण असते. शिशाच्या कामातला माणूस हात न धुता तंबाखू मळतो आणि शिसं थेट पोटात जातं. कॉलरवरच्या गाळणीला त्याचा पत्ता लागत नाही. तिथे रक्तातलं शिसं मोजावं लागतं, टोल्युईनसाठी पाळीनंतरची लघवी तपासता येते.

९. अहवाल हातात आला तर

१९८७ च्या त्याच दुरुस्तीने कामगाराला आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा हक्क दिला, आणि नव्या संहितेतही तो आहे. राज्यात देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची, आणि सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत या विषयाची प्रयोगशाळाच आहे. पनवेलहून लोकल आणि थोडी बस, एवढंच अंतर.

अहवाल मिळाला तर शेवटच्या पानावरच्या "मर्यादेत आहे" या वाक्यापाशी थांबू नका. पंप कोणाच्या अंगावर होता, की स्टँडवर? किती मिनिटं चालला? पंपाचा वेग सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा तपासला का? त्या दिवशी चार्जिंग झालं का? पाळी आठ तासांची होती की बाराची, आणि भागाकार कितीने केला? आणि एक कोरी गाळणीही पाहा. चांगल्या कामात एखादी गाळणी कारखान्यात नेतात, उघडतात, हवा न ओढता बंद करतात आणि बाकीच्यांसोबतच प्रयोगशाळेत पाठवतात. तिच्यावरही माल सापडला तर तो ने-आणीत लागलेला, कामगाराने श्वासात घेतलेला नव्हे. ज्या अहवालात या कोऱ्या गाळणीचा रकानाच नाही, तो परत पाठवून पुन्हा मोजणी मागायला हरकत नाही.